हँडल जड लागतंय

सासूबाई एकट्याच बोलतात, हे सूनबाईला लग्नानंतर दुसऱ्याच सकाळी कळलं. ती उठून, केस सारखे करून स्वयंपाकघराकडे निघाली, तर आतून बोलणं ऐकू आलं.

"दूध तापायला ठेवलंय. गुडघा कालच्यापेक्षा बरा आहे. नवी मुलगी अजून उठली नाही, झोपू दे, दमली असेल बिचारी."

एवढ्या सकाळी कोण पाहुणा आला म्हणून ती दारातच थबकली. आत डोकावून पाहते तर ओट्याशी सासूबाई एकट्या, हातात चमचा.

"कोण आलं होतं, आई?"

"कोणी नाही गं. देव."

थट्टा असेल असं समजून सूनबाई हसली. "मग काय म्हणाला?"

"तो कुठे काय म्हणतो! बोलायचं काम माझं. त्याचं ऐकायचं."

पुढे तिला सवय झाली. हात जोडणं नाही, डोळे मिटणं नाही. समोरच्या खुर्चीत कोणी बसलंय आणि भाजी निवडता निवडता त्याला घरचं सांगायचंय, अशा थाटात सासूबाई बोलत. सूनबाई पडदे शिवण्याच्या दुकानात कामाला होती. कापडाची वीण उजेडात धरून बघितल्याशिवाय तिची कात्री चालत नसे, आणि जे उजेडात धरता येत नाही त्यावर तिचा विश्वास बसत नसे. लहानपणी वडील अंथरुणाला खिळले तेव्हा तिनं देवाला घसा कोरडा होईपर्यंत हाका मारल्या होत्या. एकीलाही ओ आली नव्हती. तेव्हापासून तिनं त्या वाटेला जाणंच सोडलं होतं.

सासूबाईंना सारा गाव 'बोर्डवाल्या बाई' म्हणायचा. एकतीस वर्षं त्या मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर होत्या. जिन्याखाली एक खोली, खिडकी नाही, वर एक पंखा, फिरायचा कमी आणि कुरकुरायचा जास्त. समोर भोकांची फळी, हातात दोरखंडासारख्या वायरी, आणि प्रत्येक भोकाच्या डोक्यावर वाटाण्याएवढा दिवा. नवरा गेला तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. तेराव्या महिन्यात बाई त्या खोलीत शिरल्या आणि केस पांढरे झाल्यावर बाहेर आल्या. चेहरा कोणाला ठाऊक नव्हता, आवाज मात्र घराघरात पोचलेला. एकदा चप्पल शिवायला दिली, तर चांभारानं मान वर न करताच विचारलं, "बाई, इस्पितळातल्या त्या तुम्हीच ना? माझी बायको आत अडली होती, मी फोनवर वेड्यासारखा रडत होतो. तुम्ही म्हणत होतात, थांबा, मी आहे लाईनवर." चपलेचे पैसे घेतले नाहीत त्यानं.

"थांबा, मी आहे लाईनवर." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. त्या काळी फोन थांबवून ठेवला की कानात गाणंबिणं वाजत नसे. नुसती शांतता. वॉर्डमधून डॉक्टर सापडेपर्यंत दहा दहा मिनिटं जात. म्हणून बाई दर दोन मिनिटांनी त्या लाईनवर परत येत, हे एवढंच बोलत आणि पुढच्या वायरीकडे वळत.

"लोकांना काय वाटायचं," त्या सुनेला सांगत, "आवाज येत नाही, म्हणजे फोन गेला. पण मला समोर दिवा दिसायचा ना. एकतीस वर्षांत माझ्या हातून तुटलेले फोन बोटांवर मोजावेत इतके. बाकीचे सगळे लोकांनी आपल्या हातानं ठेवले. मी डॉक्टरांना जोडणार, तेवढ्यात ठेवले!"

"मग तुमच्या देवाला सांगा," सूनबाई म्हणायची. तिच्या जिभेला धार होती आणि ती म्यानात ठेवायची तिला सवय नव्हती. "म्हणावं, दर दोन मिनिटांनी एकदा 'मी आहे' म्हणत जा."

"सांगून बघितलं. तो नव्या पद्धतीचा ऑपरेटर आहे, मधेमधे बोलत नाही."

असं त्यांचं चालायचं. भांडण म्हणावं तर दोघी हसत, थट्टा म्हणावी तर दोघींपैकी एकीलाही ती सोडवत नसे.

सूनबाईचा नवरा बोगद्यावर वायरमन होता. डोंगरापलीकडच्या तलावाचं पाणी शहरात आणायचं म्हणून डोंगर पोखरत होते. आत शिरल्यावर सहाशे पावलांवर बोगदा वळायचा आणि त्या वळणापलीकडे हातातले वायरलेस मुके व्हायचे. म्हणून कंपनीनं अडगळीतले जुने हँडलचे फोन काढले होते. हँडल फिरवलं की तिकडे घंटा वाजते, असली पेटी. एक तोंडाशी कचेरीत, एक वळणापलीकडे. तार नवऱ्यानं स्वतः टाकली होती, जमिनीलगत, लोखंडी नळीतून. त्यावरून रोज माय-लेकाची चर्चा चाले. सूनबाई म्हणायची, "हे घर आहे की दोन वायरमनचं ऑफिस?"

"आतल्या फोनचे सेल बदललेस का रे, भोपळ्या?" सासूबाई आठवड्यातून तीनदा विचारत. भोपळ्या हे त्याचं लहानपणचं नाव. त्यानं ते घराबाहेर कोणाला कळू दिलं नव्हतं.

"बदलतो गं आई. स्टोअरवाल्याकडून सेल सुटायला आठवडा लागतो."

शेवटी त्यानंच दुकानातून दोन जाडे सेल आणले आणि दाराजवळच्या टेबलावर ठेवले, सोमवारी निघताना डोळ्यांसमोर असावेत म्हणून. रविवारी संध्याकाळी तासभर वीज गेली. सूनबाईनं फळीवरची टॉर्च काढली, तर ती काजव्याएवढी लुकलुकत होती. हाताशी सेल होते, तिनं घातले. वीज आली, टॉर्च फळीवर गेली, आणि सेल तिच्या मनातून गेले.

सोमवारी सकाळी तो टेबलाशी उभा. "इथले सेल कुठे गेले?"

"मला काय विचारतोस? तुझ्या वस्तू तू सांभाळ."

तोंडातून शब्द सुटले आणि त्याच क्षणी तिला टॉर्च आठवली. सांगणारही होती. पण तो म्हणाला, "या घरात एक गोष्ट जागेवर सापडेल तर शपथ," आणि तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. ओठांपर्यंत आलेलं तिनं गिळून टाकलं. शोधू दे, म्हणाली मनात. तो घड्याळाकडे बघून, "उद्या नेईन," म्हणत गेला. ती दारापर्यंतसुद्धा आली नाही.

अकराच्या सुमाराला वळणाच्या अलीकडे बोगद्याचं छत बसलं. पलीकडे नऊ माणसं होती. नवरा त्यातला एक.

बोगद्याच्या तोंडाशी पत्र्याची कचेरी होती. एक टेबल, भिंतीवर नकाशा, चार बाकडी. दुपारपर्यंत तिथं नऊ घरची माणसं जमली. इंजिनियर तरुण होता, दाढीचे खुंट आणि डोळ्यांत धूळ. हँडलचा फोन टेबलावरच होता. त्यानं तो सकाळपासून वीसदा फिरवला होता. शेवटी रिसीव्हर ठेवत तो म्हणाला, "लाईन मेली आहे."

"मी बघू का जरा?" सासूबाई दारातून म्हणाल्या. गुडघ्यामुळे त्या कचेरीच्या पायऱ्या एकेक करून चढून आल्या होत्या. एका हातात पिशवी, दुसरा सुनेच्या खांद्यावर.

त्या टेबलाशी बसल्या, हँडल धरलं आणि हळूच एक फेरा फिरवला. मग आणखी एक. वैद्यानं नाडी बघावी तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"हँडल जड लागतंय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे काय, मावशी?" इंजिनियरनं विचारलं.

"तार तुटली असेल तर हँडल भिंगरीसारखं फिरतं, हाताला काही लागत नाही. पलीकडे घंटा जोडलेली असेल तर जड लागतं. हे जड आहे."

"दगडाखाली दोन्ही तारा चेंगरून एकमेकींना चिकटल्या असतील, तरी जड लागेल."

"लागेल. याहून जड लागेल. पण तो फरक या म्हाताऱ्या हाताला कळतोय की नाही, ते मी शपथेवर सांगू शकत नाही." त्या लपवाछपवी करत नसत. "आतले सेल मात्र उतरलेले आहेत. आमच्या इस्पितळात आवारापलीकडच्या वॉर्डात असाच फोन होता. सेल उतरले की तिकडच्या नर्सला माझं सगळं ऐकू यायचं, पण तिचा आवाज इकडे यायचा नाही."

सूनबाई भिंतीकडे बघू लागली.

"पण मावशी, घंटेला सेल लागत नाहीत," इंजिनियर हळू आवाजात म्हणाला. पोरगं कामात पक्कं होतं. "आत कोणी... कोणी असतं, तर त्यांनी तिकडचं हँडल फिरवून इकडची घंटा वाजवली असती."

आत अडकलेल्या पंपवाल्याच्या बायकोनं तोंडात पदर कोंबला.

"हँडल मोडलं असेल," सासूबाई म्हणाल्या. "मी इथं बसू का?"

"बसा. पण उपयोग नाही."

"उपयोगाचं नंतर बघू."

त्यांनी पिशवीतून मनगटी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, हँडल फिरवलं, रिसीव्हर उचलला, आणि जिन्याखालच्या खोलीतला तो जुना आवाज त्या पत्र्याखाली उमटला. ना घाई, ना कापरेपणा.

"मी बाहेरून बोलतेय. सोमवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली आहेत. माती उपसायला सुरुवात झाली आहे. तुम्ही नऊजण आहात आणि नऊ घरची माणसं इथं माझ्याजवळ बसली आहेत. उत्तर देता येत नसेल तर धडपडू नका. थांबा. मी आहे लाईनवर."

मग त्या गप्प राहून ऐकत. रिसीव्हरमध्ये नुसती बारीक खरखर. पंधरा मिनिटांनी पुन्हा हँडल, पुन्हा वेळ, पुन्हा तेच. मध्ये मध्ये काहीबाही सांगायच्या. बाहेर वारा सुटलाय. मोठं यंत्र आलं, पण त्याचा पट्टा तुटला, दुसरा आणतायत. भोपळ्या लहानपणी खडू खायचा आणि विचारलं की पांढऱ्या ओठांनी नाही म्हणायचा. बाकड्यावरच्या बायकांपैकी एकदोघी रडता रडता हसल्या.

पंपवाल्याचा थोरला भाऊ मात्र भडकला. उभा आडवा माणूस, दुपारपासून येरझारा घालत होता. "पुरे करा हो बाई! मढ्यांशी काय गप्पा मारताय?"

सासूबाईंनी रिसीव्हरवर हात ठेवला. "तुम्हाला काही सांगायचंय का भावाला?"

"काय सांगणार? ऐकतोय कोण?"

"ते मला माहीत नाही. तुम्हाला सांगायचंय का, एवढंच विचारलं."

तो बाहेर निघून गेला. अर्ध्या तासानं आत आला, त्यांच्या मागे उभा राहिला आणि पुटपुटला, "सांगा त्याला... त्याची सायकल मीच विकली होती. चोरीला नव्हती गेली." बाईंनी ते जसंच्या तसं आत सांगितलं, वेळ सांगावी तशा आवाजात.

दिवस मावळला तेव्हा त्या म्हणाल्या, "आता सात वाजले. माझी पाळी संपली. मी घरी जाऊन झोपते, तुम्हीही आळीपाळीनं झोपा. सकाळी सहाला परत येईन. तोवर रात्रपाळीला देव आहे. त्याला डुलकी लागत नाही."

रिक्षात सूनबाईला राहवलं नाही. "कशाला असलं बोलता, आई? बघितलंय कोणी त्याला रात्रपाळी करताना?"

"मला तरी कोणी बघितलं होतं?" म्हातारी म्हणाली आणि डोळे मिटून बसली.

घरी आल्या आल्या सूनबाईनं फळीवरची टॉर्च काढली. मागचं झाकण फिरवलं. दोन नवे कोरे जाडे सेल तिच्या तळहातावर आले. ती तिथंच जमिनीवर बसली. माझ्यामुळे, एवढाच एक शब्द डोक्यात घण घालत होता. दुसऱ्या दिवशी तिनं ते सेल पर्समध्ये टाकले. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. घरात ठेववेनात, फेकवेनात. कचेरीत बाकड्यावर बसली की ती पर्स मांडीवर घट्ट धरून ठेवी. सासूबाई आत वेळ सांगत, आणि इकडे तिला ते दोन सेल विटांसारखे जड लागत.

मंगळवार गेला. नळीतून हवा आत सोडायचा प्रयत्न झाला, नळी दगडात अडली. बुधवारी वरून आणखी माती घसरली आणि दोन दिवसांचं काम पाण्यात गेलं. इंजिनियर आता कोणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. बाकड्यांवरची माणसं कमी बोलू लागली, आणि तरी, सूनबाईनं पाहिलं, दर पंधरा मिनिटांनी बाईंचा हात हँडलकडे गेला की सगळ्यांच्या माना तिकडे वळत. चिठ्ठ्या येत. मुलीचा दात पडला, सांगा. घरमालक भेटून गेला, काळजी करू नका म्हणावं. आणि थोरला भाऊ, तोच तो मढ्यांवाला, बाईंच्या पाठीशी उशी आणून ठेवत होता.

गुरुवारी दुपारी बाईंचा आवाज बसला. हँडल फिरवून त्यांनी तोंड उघडलं, तर नुसती हवा आली. दुसऱ्या बाजूनं काम सुरू होणार म्हणून इंजिनियरनं सगळ्यांना बाहेर बोलावलं होतं. कचेरीत दोघीच होत्या. त्यांनी रिसीव्हर सुनेपुढे धरला.

"मी?" सूनबाई मागे सरली. "मी काय बोलू? आत कोणी ऐकत नाहीये."

"तेही सांग," सासूबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या आणि बाकड्यावर जाऊन आडव्या झाल्या.

सूनबाईनं रिसीव्हर कानाला लावला. ओलं कापड चोळावं तशी खरखर. तिनं घड्याळ बघितलं.

"गुरुवार. दुपारचे... दोन वाजून पाच मिनिटं." आवाज तिचा तिलाच परका वाटला. "आईंचा घसा बसलाय, म्हणून मी बोलतेय. मी म्हणजे... तुम्हाला ऐकू येत असेल असं मला काही वाटत नाही. आईंना वाटतं. मला नाही वाटत." ती थांबली. खरखर. "आणि तुला जर ऐकू येत असेल, तर ऐक. सेल मी घेतले होते. टॉर्चमध्ये घातले. सकाळी तू विचारलंस तेव्हा मला आठवलं होतं. आठवलं होतं आणि मी सांगितलं नाही, कारण तू तिरकं बोललास. एवढ्याशा कारणासाठी. तीन दिवस ते पर्समध्ये घेऊन फिरतेय. मला माफबिफ करू नकोस. नुसता बाहेर ये. बाहेर ये आणि भांड माझ्याशी. हवं तेवढं भांड."

तिला वाटलं होतं, बोलून झालं की रिसीव्हर आदळावा. तो खाली ठेवायला हातच उठेना. समोर कोणी नव्हतं, आवाज नव्हता, काही म्हणजे काही नव्हतं. पण ती बोलली ते कुठे तरी जाऊन टेकलं, हवेत राहिलं नाही, असं तिला वाटलं. ती पंधरा मिनिटं तशीच बसली. मग पुन्हा हँडल फिरवलं. जड लागलं. "दोन वाजून वीस मिनिटं," ती म्हणाली. "मी आहे."

"सेलचं मला माहीत होतं," बाकड्यावरून आवाज आला.

सूनबाई दचकली. "कधीपासून?"

"रविवारपासून. आपल्या घरात टॉर्च एवढी लख्ख कधी पडते?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू आणि तो घालाल घोळ, निस्तराल, म्हटलं. सोमवारी सकाळी मीसुद्धा गप्पच बसले ना. तुझ्याएवढीच माझीही चूक आहे." त्या छताकडे बघत होत्या. डोळ्याच्या कोपऱ्यातून कानाकडे पाणी ओघळलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही. "तुला वाटतं मला भीती वाटत नाही? चार दिवस मी त्याला विचारतेय, माझा भोपळ्या आहे का रे आत? एक शब्द नाही. अगदी गप्प."

"मग?"

"मग काय. हँडल जड लागतंय. देवाशी बोलतानाही मला तेवढंच कळतं, बाई. भिंगरीसारखं फिरत नाही. पलीकडे काहीतरी आहे, एवढं हाताला लागतं. त्यापुढचं मला आजवर कोणी सांगितलेलं नाही."

शुक्रवारी सकाळी आठ वाजता माणूस सरपटत जाईल एवढं भोक पडलं. बाहेर एकच गलका झाला आणि कचेरी रिकामी झाली. सासूबाई गुडघा विसरून धावल्या.

पहिला पंपवाला निघाला. डोळ्यांवर फडकं, ओठ फुटलेले, अंगभर चिखल. थोरल्या भावानं त्याला लहान मुलासारखं कवेत घेतलं. फडक्याखालून पंपवाला म्हणाला, "सायकलचं बघतो तुझ्याकडे नंतर." भाऊ मटकन खाली बसला. पंपवाला चाचपडत विचारत होता, "मावशी कुठायत? मावशी, आज सव्वाआठची वेळ सांगायची राहिली तुमची!"

सासूबाईंनी त्याचा हात धरला.

एकामागून एक माणसं येत होती. एकाचा पाय मोडला होता. सातवा नवरा. स्ट्रेचरवर, उजव्या हाताला गुंडाळलेला शर्ट. सूनबाई शेजारून चालू लागली. त्यानं मान तिच्याकडे वळवली.

"टॉर्च चालते का?" त्यानं विचारलं.

तिनं पर्स उघडली आणि दोन्ही सेल त्याच्या डाव्या हातात ठेवले. "बंद आहे. सेल इकडे आणलेत."

स्ट्रेचर धरणारे दोघे, मागचा लंगडणारा आठवा, सगळे हसायला लागले. "वहिनी, आम्ही सगळ्यांनी ऐकलंय बरं का," आठवा म्हणाला. "पुढच्या वेळी भोपळ्याशी भांडायचं तर खासगीत भांडा." त्या दिवसापासून बोगद्यावर तो भोपळ्याच झाला.

आतली हकीकत हळूहळू कळली. छत बसताना फोनच्या पेटीवर दगड आला आणि हँडल मुळापासून उडालं. सेल तर आधीच उतरलेले होते. घंटा वाजत होती, पण अंधारात दगडांतून पेटी उकरून काढेपर्यंत दुपार झाली. रिसीव्हरमध्ये पहिल्यांदा बाईंचा आवाज आला, तेव्हा ते सगळे एकदम ओरडले होते, नऊच्या नऊ, आणि मग कळलं की ओरडून उपयोग नाही. रिसीव्हर आळीपाळीनं फिरायचा. पाय मोडलेल्याला कळ आली की त्याच्या कानाला. "रात्रपाळीला देव आहे" असं बाई म्हणाल्या की ते दोघांना जागं ठेवून झोपायचे. चौथ्या दिवशी एकानं, आता कोणी येत नाही, असं म्हणून रिसीव्हर भिरकावला होता. तेवढ्यात घंटा वाजली आणि सूनबाईचा आवाज आला, मला काही वाटत नाही तुम्हाला ऐकू येत असेल. "ते ऐकून बरं वाटलं," नवरा सांगायचा. "म्हटलं, ही खरं बोलतेय."

वर्तमानपत्राचा माणूस घरी आला. त्यानं वही उघडून विचारलं, "आजी, तुम्हाला पक्की खात्री होती ना?"

"खात्री?" सासूबाई म्हणाल्या. "छे! खात्री असती तर मी तिथं बसले असते होय? घरी येऊन पाय शेकत पडले असते."

त्यानं ते लिहून घेतलं नाही. त्याला दुसरं काहीतरी हवं होतं.

नवऱ्याच्या हाताचं प्लॅस्टर निघालं आणि तो कामावर जाऊ लागला त्या आठवड्यातली गोष्ट. सूनबाई नेहमीपेक्षा लवकर उठली. घर शांत होतं. तिनं दूध गॅसवर ठेवलं, ओटा पुसला, खिडकी उघडली. समोर बाहेर काही विशेष नव्हतं, कोणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेली चादर. ती जरा अवघडली. इकडेतिकडे बघितलं. मग घसा साफ केला.

"सकाळचे सव्वासहा झालेत," ती हळूच म्हणाली.

पुढे काय बोलायचं ते सुचेना. मग म्हणाली, त्यानं फोनचे सेल आठवणीनं कालच पिशवीत घातलेत. आईंचा गुडघा पुन्हा दुखतोय. दुकानात निळ्या पडद्यांचं मोठं काम आलंय. एक सांगितलं की दुसरं आठवत गेलं, आणि वडिलांचंही आठवलं, ज्याबद्दल तिनं एवढ्या वर्षांत चकार शब्द काढला नव्हता. ते सांगत असताना मागे चर्र झालं. दूध उतू जाऊन शेगडीवरून ओट्यावर, ओट्यावरून खाली.

"घ्या!" ती फडकं घेऊन धावली. "बघितलंस? तुझ्याशी बोलण्याच्या नादात दूध गेलं!"

बाहेर सपाता वाजल्या आणि दाराशी थांबल्या.

"कोण आलं होतं गं?"

सूनबाई ओटा पुसत राहिली. "कोणी नाही, आई," ती म्हणाली. "तुमच्याच ओळखीचा."